सुगीची रजा

परवा जालना रोडवर सिग्नलला रिक्षा थांबली. पुढं कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर उभा होता. पेंढ्या इतक्या वर रचलेल्या की मागच्या कुणालाच दिवा दिसत नव्हता, आणि दिसत नाही म्हणून सगळे हॉर्न वाजवत होते. रिक्षाच्या उघड्या बाजूनं तो वास आत आला. वाळल्या ताटांचा, थोडा गोड, थोडा धुळकट, नाकाच्या शेंड्याला खाज आणणारा. रिक्षावाल्यानं रुमाल तोंडाला लावला. मी पदर बाजूला केला आणि छाती भरून वास घेतला.

फाल्गुन आला की शहरात अजून हा वास येतो. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, चिकलठाण्यापलीकडं शेतं होती तिथं शोरूम उभ्या राहिल्या, तरी दरवर्षी आठ-पंधरा दिवस देवगावकडून, लासूर स्टेशनकडून कडबा येतो आणि हवेत मिसळतो. सुगी म्हटलं की लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला आरोपपत्रं आठवतात. सात आरोपपत्रं, टंकलिखित, तीन-तीन प्रतींत. आणि त्यांच्याबरोबर एक राग आठवतो. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही. तो निवू नये असंच मला वाटतं.

आम्ही देवगाव रंगारीचे. घरची जमीन होती, पोटापुरतं पिकायचं. दादा, म्हणजे माझे वडील, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकायला लागले आणि पोलीस ॲक्शननंतर त्याच शाळेत, त्याच बाकावर मराठी आली. निम्मी अक्षरं एका लिपीत, निम्मी दुसऱ्या. त्यामुळं असेल, पण कागद वाचताना ते फार सावकाश वाचायचे, बोट ठेवून. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर न वाचता अंगठे दिले होते. दादांनी मला शिकवलं ते याच एका कारणासाठी, आपल्या घरात कुणीतरी कागद वाचणारं असावं. त्यांना वाटायचं मी मास्तरीण व्हावं. मी औरंगाबादला येऊन समाजकार्य शिकले आणि त्यावर कामगार कायद्याची पदविका केली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की कामगारांचं आणखी काय शिकायचं असतंय. मी म्हटलं, त्यांना कामावर कसं ठेवतात आणि कसं काढतात, ते. दादा म्हणाले की हे शिकायला पाहिजेच.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे डबे बनवायचा एक कारखाना होता. तेलाचे, रंगाचे, बिस्किटांचे डबे. मी तिथं कामगार अधिकारी म्हणून लागले. माझ्याआधी त्या कारखान्यात ऑफिसर म्हणून एकही बाई नव्हती. माझ्यासाठी वेगळं बाथरूमसुद्धा नव्हतं, ते दुसऱ्या महिन्यात मी अर्ज देऊन बांधून घेतलं. दारावर ‘कामगार अधिकारी’ अशी पाटी होती, पण कामगार मला लेबरबाई म्हणायचे. आपसात म्हणायचे, तोंडावर मॅडम.

पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा आवाज मला अजून झोपेतसुद्धा ओळखता येईल. धप्, मग क्षणभर काहीच नाही, मग पत्रा सरकल्याची किरकिर, पुन्हा धप्. मी मशिनांमधून फिरायचे तेव्हा माणसांचे हात बघायचे. पत्र्यानं कापलेली जखम सरळ असते, खोल असते आणि तळहातावर असते. ज्वारीच्या पात्यानं ओढलेले चरे बारीक असतात, कोपरापर्यंत आडवेतिडवे, जणू मांजरानं ओरबाडलंय. माघ संपत आला की निम्म्या हातांवर दोन्ही खुणा दिसायला लागायच्या. रविवारी शेतात, सोमवारी मशिनवर. तिथली बहुतेक माणसं अशीच होती, एक पाय काळ्या मातीत आणि एक सिमेंटवर.

मग माणसंच दिसेनाशी व्हायची. ज्वारी एकदा वाळून उभी राहिली की ती थांबत नाही. गावातले सगळे हात एकाच वेळी आपापल्या रानात असतात, मजूर मिळत नाही, आणि फाल्गुनात एखाद्या दुपारी आभाळ भरून गारा आल्या तर वर्षाचं पीक तासाभरात आडवं होतं. सात-आठ दिवसांचं काम असतं. पण ते सात-आठ दिवस इकडचे तिकडं होत नाहीत. हे मला कुणी पुस्तकात शिकवलं नव्हतं. मी स्वतः ज्वारी उपटली होती, माझ्याही तळहाताला फोड आले होते. आमचे मॅनेजर दामले साहेब पुण्याचे. हुशार, शिस्तीचे, मशिनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे. त्यांच्या मते ही माणसं आळशी होती. दरवर्षी याच दिवसांत आळस येतो, हे त्यांना विचित्र वाटत नव्हतं.

त्या वर्षी सात माणसं आठ दिवस आली नाहीत. त्याआधी महिनाभर त्याच सात जणांनी कँटीनमागच्या लिंबाखाली बसून युनियन काढायचं बोलणं सुरू केलं होतं. दोन्ही गोष्टी साहेबांना माहीत होत्या. कागदावर फक्त एकच आली. विनापरवानगी गैरहजेरी, जाणूनबुजून. सातही जणांना आरोपपत्रं गेली आणि चौकशी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली.

चौकशी म्हणजे कारखान्याच्या आतलं लहानसं न्यायालय. आरोप वाचायचा, साक्षी घ्यायच्या, माणसाचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि शेवटी आरोप सिद्ध होतो की नाही ते लिहायचं. कायदा सांगतो की ते सगळं मन मोकळं ठेवून करायचं. नेमणुकीच्या पत्राबरोबर दामले साहेबांनी मला दुसरा एक लिफाफा दिला. त्यात माझा निष्कर्ष होता. टाईप केलेला, सातही नावं घालून, खाली सहीला जागा सोडलेली. ते अगदी सहज म्हणाले की तुमचा वेळ वाचावा म्हणून करून ठेवलंय. मी तो लिफाफा घेतला. तिथंच परत करायला हवा होता, पण मला लागून जेमतेम सात महिने झाले होते आणि खरं सांगायचं तर नोकरी गमवायची नव्हती. घरी जाऊन तो ट्रंकेत खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू केली, जणू तो मिळालाच नाही.

कँटीनच्या मागची खोली होती. एक टेबल, चार खुर्च्या, खिडकीतून वाटाण्याच्या उसळीचा वास. सुपरवायझरनं साक्ष दिली की कुणाचाही रजेचा अर्ज आला नव्हता. सहा जण म्हणाले की आम्ही अर्ज दिले होते. अर्ज कुठं आहेत, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा मी हजेरी ठेवणाऱ्या टाईम ऑफिसचे हमीदभाई यांना बोलावलं. हमीदभाई शहागंजकडचे, पांढरी दाढी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. गेटवर येणारा प्रत्येक कागद त्यांच्या हातून जायचा आणि ते तो एका लांबट आवक रजिस्टरमध्ये चढवायचे. मी त्यांना रजिस्टर घेऊन या म्हटलं. त्यांनी आणलं. सहा अर्ज, सहा ओळी, सहा ठप्पे, सगळे सुगीच्या आधीच्या आठवड्यातले. अर्ज सुपरवायझरकडं पाठवल्याची नोंदही होती. तिथून पुढं ते ड्रॉवरमध्ये गेले असणार. मंजूर नाही, नामंजूर नाही. नुसते दाबून ठेवलेले.

मी हमीदभाईंना सांगितलं की ही साक्ष लिहून घेतली तर साहेब नाराज होतील, तुम्ही विचार करा. ते माझ्याकडं बघून म्हणाले, “मॅडम, ठप्पा मैं मारा. अब नै मारा कैसा बोलूं?” आणि खाली सही केली, उर्दूत, एका झटक्यात.

सातवा भागिनाथ. तो आमच्याच गावचा, आमच्याच गल्लीतला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. गावात मला शकूताई म्हणायचा, त्याची आई गयाकाकू आणि माझी आई एकाच विहिरीवर पाणी भरायच्या. कारखान्यात तो मला मॅडम म्हणायचा, आणि कुणी आसपास नसलं तरी मॅडमच म्हणायचा. ही त्याची शिस्त होती आणि मला ती आवडायची. सातांतला सगळ्यात डोकेबाज तोच, युनियनची कल्पनाही त्याचीच. पण त्यानं अर्ज दिलेला नव्हता. आणि तो आठ दिवस देवगावात ज्वारी काढत असताना पहिले दोन दिवस त्याचं हजेरीचं कार्ड गेटवरच्या मशिनमध्ये पंच झालेलं होतं. कुणा मित्रानं केलं होतं. हमीदभाईंनी ते पाहून लाल पेन्सिलीनं गोल केला होता.

मी विचारलं, अर्ज का दिला नाहीस. तो म्हणाला, “सहा जणांनी दिले. त्यांचं काय झालं, मॅडम?” मी ते जसंच्या तसं लिहिलं. मग विचारलं की कार्ड कुणी पंच केलं. त्यानं नाव सांगितलं नाही. त्याच्या कोपरापर्यंतचे चरे अजून ताजे होते. मी लिहिलं, नाव सांगण्यास नकार.

मला कार्ड दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. अनेकदा वाटलं. त्या रविवारी गयाकाकू माझ्या पदमपुऱ्यातल्या खोलीवर आली. एसटीनं आली होती, पायांवर धूळ, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा. मी चहा टाकला. ती जमिनीवरच बसली, खुर्चीवर बस म्हटलं तरी बसली नाही. आधी माझ्या आईचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाली, “शकू, कार्डाचं नको लिहू. एवढी एकच ओळ नको लिहू. बाकी तुला काय लिहायचं ते लिही.”

लहानपणी ताप आला की ही बाई माझ्या डोक्यावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायची. मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, काकू, मी ती ओळ गाळली तर साहेब उद्या म्हणतील की हिनं आपल्या गावच्या पोराला वाचवलं. मग बाकीच्या सहा जणांबद्दल मी जे खरं लिहिलंय तेही खोटं ठरेल. एक ओळ लपवली की सगळा कागद लपवलेला होतो. तिनं ऐकून घेतलं. उठताना एवढंच म्हणाली, “तू शिकली, ते आमच्यासाठीच शिकली असं वाटलं व्हतं.” भाकरी ठेवून गेली. त्या दिवशी मला त्या खाववल्या नाहीत.

माझ्या व्यवसायाबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना कायदा, करार, वाटाघाटी ऐकायच्या असतात. मी त्यांना गयाकाकूचं सांगते. मालकाला नाही म्हणणं सोपं आहे असं मी म्हणत नाही, पण त्याला नाही म्हटल्यावर निदान आपण शूर आहोत असं वाटतं. आपल्या माणसाला नाही म्हटल्यावर कसलंच काही वाटत नाही, नुसतं रिकामं वाटतं. कामगार कल्याणाची भाषणं करणाऱ्या किती जणांनी हा रिकामेपणा सोसलाय, मला शंका आहे.

अहवाल मी माझ्या हातानं लिहिला. कारखान्यातल्या टायपिस्टला दिला नाही. सहा जणांवरचा आरोप सिद्ध होत नाही, कारण त्यांनी वेळेवर अर्ज दिले आणि ते दाबून ठेवले गेले. भागिनाथवरचा आरोप सिद्ध होतो. शिक्षा म्हणून चार दिवसांचं निलंबन पुरेसं आहे, कारण ही पहिलीच चूक, कामाचा मागचा लेखाजोखा चांगला, आणि कारखान्यात रजा मिळण्याचा सरळ रस्ताच बंद असल्यानं त्यानं आडवाट धरली. हे शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा पुन्हा लिहिलं. ट्रंकेतला लिफाफा काढून अहवालाला जोडला आणि वर लिहिलं, ‘सहीविना परत’.

दामले साहेबांनी सगळं शांतपणे वाचलं. चष्मा काढला. ते म्हणाले की मी तुम्हाला यासाठी घेतलं नव्हतं, बाई आहे तर समजुतीनं वागेल असं वाटलं होतं. मी म्हटलं की समजूनच लिहिलंय. ते म्हणाले की उद्या सकाळी तुमचा राजीनामा माझ्या टेबलावर पाहिजे.

आता हे लिहिताना मला माझाच आवाज ऐकू येतो आणि नवल वाटतं. मी म्हटलं, “राजीनामा मी देणार नाही, साहेब. मला काढायचं असेल तर काढा. पण कारण लिहून काढा.”

कारण लिहिणं त्यांना परवडणारं नव्हतं. ते लिहायचं म्हणजे लिफाफ्याचं लिहावं लागलं असतं. त्यांनी मला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी माझं टेबल मात्र जाग्यावर नव्हतं. ते भंगाराच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं होतं, कापलेल्या पत्र्यांच्या ढिगाशेजारी. पाटी दारासकट मागं राहिली. चैत्र-वैशाखात त्या शेडचा पत्रा असा तापायचा की दुपारी बारानंतर टेबलाला हात लावता यायचा नाही. कागद ओलसर फडक्याखाली ठेवायचे, वाऱ्याच्या झुळकीबरोबर गरम लोखंडाचा वास यायचा. मी तिथं सव्वा वर्ष बसले. रोज वेळेवर गेले, वेळेवर निघाले, एक दिवस उशीर केला नाही. माझ्या हजेरीत त्यांना काही सापडू द्यायचं नव्हतं.

सहा जणांना कामावर ठेवावं लागलं. भागिनाथला काढून टाकलं. माझ्या अहवालातलं त्याच्याविरुद्धचं पान साहेबांनी वापरलं आणि चार दिवसांच्या शिफारशीचं पान बाजूला ठेवलं. गावात सांगितलं गेलं की शकूनं त्याची नोकरी खाल्ली. आईला विहिरीवर कुणी बोलेना. हे ऐकून दादा शहरात आले. शेडमध्ये आले नाहीत, गेटसमोरच्या टपरीवर मला बोलावलं. चहा घेतला नाही. विचारलं, “भागिनाथचं जे लिवलं ते खरं हाय का?” मी म्हटलं, व्हय. “मंग ठीक हाय,” म्हणाले आणि चारच्या एसटीनं परत गेले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः घागर घेऊन विहिरीवर गेले, असं आईनं नंतर सांगितलं. आमच्याकडं पुरुष पाणी भरत नाहीत. दादा महिनाभर भरत होते.

भागिनाथनं कामगार न्यायालयात दावा टाकला. त्याच्या वकिलानं मला साक्षीला बोलावलं. तारखेच्या आधी कारखान्यातून निरोप आला की त्या दिवशी तुम्हाला महत्त्वाच्या कामासाठी मुंबईला जायचंय. मी उत्तर पाठवलं की समन्स आलंय, आधी कोर्ट. कारखान्याच्या वकिलानं मला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला, कार्ड खोटं होतं की नाही. मी प्रत्येक वेळी म्हटलं, होतं. भागिनाथ समोर बसला होता, मान खाली घालून. मग त्याच्या वकिलानं विचारलं की तुम्ही काय शिक्षा सुचवली होती. मी म्हटलं, चार दिवस. का, असं विचारल्यावर मी अर्जांचं सांगितलं, ड्रॉवरचं सांगितलं. आणि लिफाफ्याचंही सांगितलं. एका बाजूचे लोक माझ्याकडं रागानं बघत होते, दुसऱ्या बाजूचेही. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की आपण हे काम नीट करतोय.

निकालाला वेळ लागला. दरम्यान पुढची सुगी आली. भंगाराच्या शेडमध्ये मला काम नव्हतं, म्हणून मी काम काढलं. जेवणाच्या सुट्टीत जो येईल त्याला गाव विचारायचे, पेरणी कधी झाली विचारायचे, रान हलकं की भारी ते विचारायचे. लासूर स्टेशनकडची ज्वारी आधी येत होती, देवगावची त्यानंतर, अजिंठ्याकडच्या लोकांची सगळ्यात शेवटी. सगळे एकदम जात होते ते भीतीपोटी, आज मिळाली नाही तर रजा कधीच मिळणार नाही म्हणून. पाळी ठरली, शब्द मिळाला, तर एका वेळी थोडेच जण गेले तरी सगळ्यांची रानं निघणार होती आणि एकही प्रेस बंद राहणार नव्हती. मी मोठ्या कागदावर गावांचा तक्ता केला. दामले साहेबांनी तो न उघडता परत केला. मी पुढच्या आठवड्यात तोच पुन्हा पाठवला. तोही परत आला. त्या सुगीत अर्धी मशिनं बंद पडली, कारण माणसं न सांगता गेली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत साहेबांची बदली झाली. नवे मॅनेजर पहिल्याच फेरीत भंगाराच्या शेडमध्ये आले, मी तिथं का बसते म्हणून विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तक्ता उघडून वाचायला लागले. तिथून पुढं त्या कारखान्यात सुगीची रजा गावाच्या पाळीनं मिळत गेली. माझं टेबल परत आलं. मी मागितलेलं नव्हतं, पण नाकारलंही नाही.

बढती मात्र मला फार उशिरा मिळाली. माझ्या मागून आलेले तिघं पुढं गेले. फाईलमध्ये माझ्याबद्दल ‘अनुकूल नाही’ असा शेरा होता, हे मला निवृत्त होताना कळलं. मी तो शेरा दोनदा वाचला आणि मला हसू आलं. इतकं नेमकं माझ्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

आता मी कधीकधी पोरापोरींना शिकवायला जाते. ते स्वतःला कामगार अधिकारी म्हणवून घेत नाहीत, नवी इंग्रजी नावं आहेत. हजेरी चेहरा बघून मशीन घेतं. माणसं कंत्राटावर असतात, त्यांची गावंही कारखान्याला माहीत नसतात. मागच्या महिन्यात एका कंपनीनं मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. काही माणसं कमी करायची होती आणि कागद स्वच्छ दिसायला हवे होते. मी सांगितलं की स्वच्छ दिसणारे कागद मला करता येत नाहीत, खरे कागद करता येतात, ते हवे असतील तर उद्यापासून येते. त्यांनी चहा दिला आणि गाडीनं घरी सोडलं. फोन पुन्हा आला नाही. येऊ नये.

भागिनाथ कामावर परत आला तो दोन वर्षांनी. न्यायालयानं त्याला घ्यायला लावलं होतं. पहिल्या दिवशी तो गेटमधून आत आला तेव्हा मी समोर होते. तो माझ्या बाजूनं, माझ्याकडं न बघता गेला. त्यानंतरही बोलला नाही. युनियन झाली, तो तिचा सरचिटणीस झाला, आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना कितीदा बसलो, पण तो बोलायचा ते ‘मॅनेजमेंट’शी. गावात एकदा त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले तर जेवायला वाढलं, आग्रह केला नाही. गयाकाकू तेवढी येऊन शेजारी बसली होती. मला वाईट वाटायचं. पण मी स्वतःला सांगत असे की मला त्याचं बोलणं नको होतं, त्याची नोकरी हवी होती, आणि ती त्याला मिळालेली आहे.

मग एका वर्षी मोठा करार व्हायचा होता. दोन दिवस वाटाघाटी चालल्या आणि सगळं ठरत आलं तेव्हा गाडी भलत्याच ठिकाणी अडली. ठरलेलं लिहायचं कुणी? कंपनी म्हणे आमचा वकील लिहील. युनियन म्हणे तो लिहील ते आम्ही वाचणारसुद्धा नाही, आमचा माणूस लिहील. कंपनी त्याला तयार नव्हती. आवाज चढले. एकदोघं उठून उभे राहिले. आता सगळंच मोडतंय असं वाटलं. युनियनच्या बाजूला मधोमध भागिनाथ बसला होता. केस पांढरे झाले होते त्याचे. तो मॅनेजरकडं बघून म्हणाला, “मॅडमला लिहू द्या.”

मॅनेजरला जुनं माहीत होतं. त्यांनी आश्चर्यानं विचारलं की तुमच्याविरुद्ध यांनीच लिहिलं होतं ना.

“व्हय,” भागिनाथ म्हणाला. “वाईट लिहिलं व्हतं. पण खरं लिहिलं व्हतं.”

तेव्हाही त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. खोलीतले बाकी सगळे माझ्याकडं बघत होते. मी कागद पुढं ओढला, तारीख घातली, आणि म्हटलं, पहिला मुद्दा सांगा.